टॉवरवरची तार, तारेतलं फायबर आणि त्याचं भाडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे-नाशिक करा नाहीतर सोलापूरकडे जा, शेतातून ओळीने उभे असलेले ते लोखंडी टॉवर दिसतातच. वीज वाहून नेण्याखेरीज ते इंटरनेटचा डेटाही नेतात आणि त्याचं भाडं वीज कंपनीला मिळतं, हे सांगितलं की बहुतेकांच्या चेहऱ्यावर "काहीतरीच काय" असं येतं. मग पुढचे प्रश्न ठरलेले असतात. तेच इथे एकत्र करून ठेवतोय, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

वीज कंपनीकडे स्वतःचं कम्युनिकेशन नेटवर्क असायचं कारणच काय?

कारण त्याच्याशिवाय ग्रिड, म्हणजे वीज केंद्रं, लाइन आणि सबस्टेशनचं जोडलेलं जाळं, चालत नाही. वीज मोठ्या प्रमाणात साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे कुठे किती तयार होतेय आणि कुठे किती खेचली जातेय हे क्षणाक्षणाला कळावं लागतं. महाराष्ट्राचं लोड डिस्पॅच सेंटर (वीज किती बनवायची, कुठे पाठवायची हे सांभाळणारं नियंत्रण केंद्र) कळव्याला आहे, पश्चिम भारताचं मुंबईत, तिथल्या स्क्रीनवर प्रत्येक मोठ्या सबस्टेशनचे आकडे सतत येत असतात. आणि नुसते आकडेच नाहीत. एखाद्या लाइनवर फॉल्ट झाला तर दोन टोकांच्या रिलेंनी (फॉल्ट ओळखणारी उपकरणं) एकमेकांशी बोलून काही मिलिसेकंदांत ठरवायचं असतं की ब्रेकर पाडायचा, म्हणजे लाइन तोडायची, की नाही. हे काम "आपण कॉल करत असलेली व्यक्ती सध्या कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे" अशा भरवशावर कोण सोडेल?

म्हणून वीज कंपन्या अगदी पहिल्यापासून स्वतःचा टेलिफोन, स्वतःची लाइन ठेवत आल्यात. जुन्या सबस्टेशनमध्ये लाइन आत येते तिथे पिंपासारखी एक मोठी गोल कॉइल दिसते, तिला वेव्ह ट्रॅप म्हणतात. विजेच्याच तारेवरून हाय फ्रिक्वेन्सीचा सिग्नल पाठवायची जी पद्धत होती (पीएलसीसी म्हणायचे आणि अजूनही म्हणतात) तो सिग्नल सबस्टेशनच्या यार्डात न जाता बाजूला वळवायचं काम ती करते. बोलणं आणि थोडाफार डेटा एवढंच त्यातून जायचं, पण काम भागायचं. आता तेच काम फायबर, म्हणजे प्रकाशाने डेटा नेणारे काचेचे बारीक धागे, करतं.

मग हे फायबर नेमकं कुठे असतं? तारा तर सगळ्या सारख्याच दिसतात.

टॉवरच्या अगदी शेंड्यावर बघा, तिथे एक किंवा दोन बारीक तारा जातात. त्यांच्यात वीज नसते, त्या अर्थवायर. वीज पडली तर ती खालच्या तारांवर न पडता अर्थवायरवर पडून जमिनीत जावी म्हणून असतात. आता कोणाच्या तरी डोक्यात आलं की ही तार टाकायचीच आहे तर तिच्या पोटात एक नळी घालून काचेचे धागे का नको भरायला. त्यालाच ओपीजीडब्ल्यू म्हणतात. बाहेर स्टील-अॅल्युमिनियमची वेटोळी, आत नळीत २४ किंवा ४८ फायबर. काच असल्यामुळे शेजारून चारशे केव्हीची लाइन गेली काय आणि वीज कडाडली काय, सिग्नलला फरक पडत नाही.

मजा अशी की ग्रिडच्या स्वतःच्या कामाला यातले मोजके फायबर पुरतात. पण तार ओढायचा मुख्य खर्च टॉवर, माणसं, परवानग्या यांचा असतो, आतले धागे ६ घातले काय नि ४८ घातले काय, एकूण बिलात फार फरक नाही. म्हणून सगळेच जास्तीचे घालून ठेवतात, आणि या उरलेल्या फायबरमधूनच पुढचा सगळा धंदा सुरू होतो.

उरलेल्या फायबरचे पैसे कसे करतात?

सोप्यापासून अवघडाकडे जाऊ. सगळ्यात सोपं म्हणजे डार्क फायबर, म्हणजे मशीन न जोडलेले रिकामे धागे, भाड्याने देणं. "हे घे दोन धागे, तुझी मशीन तू लाव", झालं. करार बऱ्याचदा १५-२० वर्षांचे असतात. त्याच्या वरची पायरी म्हणजे मशीनही आपली आणि विकायची फक्त बँडविड्थ, मोबाइल कंपन्या, बँका, सरकारी खाती असे गिऱ्हाईक. त्याच्या वर थेट घरोघर ब्रॉडबँड. शिवाय सबस्टेशनमध्ये जागा, टॉवरवर अँटेना लावायला भाडं, खांबावरून केबल न्यायचं भाडं हे किरकोळ आहेच.

जितकं वर जाल तितका पैसा जास्त, आणि डोकेदुखी त्याहून जास्त. डार्क फायबर देणाऱ्याला रात्री अकरा वाजता "दादा, नेट स्लो चालतंय" असा फोन येत नाही.

टेलिकॉम कंपन्या स्वतःचं फायबर टाकत नाहीत का? यांच्याकडून का घेतात?

एका शब्दात उत्तर: जेसीबी. जमिनीखालचं फायबर आपल्याकडे सतत तुटतं. आज गटार, उद्या पाण्याची लाइन, परवा रस्ता रुंदीकरण. टॉवरच्या शेंड्यावर जेसीबी पोचत नाही, तांबं नसल्याने चोरालाही रस नसतो. आणि डोंगर, जंगल, नदी ओलांडून टॉवर आधीच उभे आहेत, तिथे नव्याने खणायला घ्यायचं तर परवानग्यांतच वर्षं जातील.

उलट बाजू पण आहे. तुटलं तर दुरुस्तीला वेळ लागतो, कारण टॉवरवर चढायचं, परमिट घ्यायचं, कधीकधी लाइनचं शटडाउन. आणि चक्रीवादळात टॉवरच आडवा झाला तर वीज आणि फायबर दोन्ही एकदम. २०१९ च्या फनी वादळात ओडिशात टॉवर कोसळलेच होते.

भारतात हे कोण कोण करतं?

सगळ्यात मोठं नाव केंद्र सरकारची पावरग्रिड. राज्याराज्यांना जोडणाऱ्या मोठ्या लाइन बहुतेक त्यांच्याच, आणि त्यांचं टेलिकॉम नेटवर्क लाखभर किलोमीटरच्या आसपास आहे. आधी हे काम कंपनीतच चालायचं, २०२१ मध्ये पावरग्रिड टेलिसर्व्हिसेस नावाची वेगळी कंपनी काढली आणि २०२३ मध्ये धंदा तिकडे हलवला.

आपल्याकडे महापारेषण. २००५ ला वीज मंडळाचे तुकडे झाले तेव्हा मोठ्या लाइन यांच्या वाट्याला आल्या. त्यांनी २०१२ च्या सुमारास स्टरलाइट या खासगी कंपनीला सोबत घेऊन महाराष्ट्र ट्रान्समिशन कम्युनिकेशन इन्फ्रास्ट्रक्चर लिमिटेड अशी लांबलचक नावाची कंपनी काढली. कल्पना तीच, लाइनवर ओपीजीडब्ल्यू टाकायची, महापारेषणचं स्वतःचं काम त्यावर चालवायचं आणि उरलेलं भाड्याने द्यायचं.

वीज सोडून बघितलं तर रेल्वेची रेलटेल, २००० साली निघाली. रुळाशेजारी सिग्नलसाठी फायबर होतंच. जानेवारी २०१६ ला मुंबई सेंट्रलला गूगलसोबत फुकट वायफाय सुरू झालं ते यांचंच, तेव्हा प्लॅटफॉर्मवर बसून पिक्चर डाउनलोड करणारी पोरं आठवत असतील. गूगल २०२० मध्ये बाहेर पडलं, रेलटेल चालवतेच आहे. आणि गॅसच्या पाइपलाइनशेजारी फायबर टाकून गेल या सरकारी गॅस कंपनीची गेलटेल. तिची गोष्ट पुढे येतेय, ती नीट वाचा.

वीज कंपनीने वीज सोडून दुसरा धंदा करणं कायद्यात बसतं का?

बसतं. वीज कायदा २००३, कलम ४१ ट्रान्समिशनवाल्यांसाठी आणि कलम ५१ वितरणवाल्यांसाठी. आपल्या मालमत्तेचा पुरेपूर वापर व्हावा म्हणून दुसरा धंदा करता येतो, फक्त वीज नियामक आयोगाला (विजेचे दर ठरवणारी संस्था, एक केंद्राची आणि एक राज्याची) आधी कळवायचं. अटी दोन महत्त्वाच्या. एक, हिशोब वेगळा ठेवायचा, विजेच्या ग्राहकाच्या पैशातून टेलिकॉमचा तोटा भरायचा नाही. दुसरी, त्या कमाईतला ठरलेला वाटा विजेचे दर कमी करायला वापरायचा.

ही दुसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कारण टॉवर कोणाच्या पैशातून उभा राहिला? तुमच्या-माझ्या बिलातून. मग त्याच्या शेंड्यावरून कोणी भाडं कमावत असेल तर आपला वाटा नको?

मग माझं बिल किती कमी होतं?

खरं सांगू का, तुम्हाला दिसेल एवढं नाही.

वाटा कसा ठरतो ते आधी बघा. केंद्रीय आयोगाने २००७ मध्ये नियम केला होता की टेलिकॉमसाठी वापरलेल्या दर किलोमीटरमागे वर्षाला ३,००० रुपये वीजग्राहकांच्या खात्यात द्यायचे. म्हणजे फायबरवर कोणी करोडो कमावले तरी तेवढेच आणि काहीच नाही कमावलं तरी तेवढेच. २०२० मध्ये नवे नियम आले आणि ते टेलिकॉमच्या एकूण कमाईच्या १० टक्के असं झालं. आपल्या राज्य आयोगाचं सूत्र वेगळं आहे, खर्च वजा करून जे उरेल त्यातला दोन-तृतीयांश ग्राहकांच्या बाजूने धरायचा. ऐकायला ते जास्त उदार वाटतं, पण "खर्च वजा करून" हे तीन शब्द लक्षात ठेवा, खर्च काय काय दाखवायचा यावरच सगळं असतं.

आणि मुळात आकडाच लहान आहे. पावरग्रिडसारख्या कंपनीतसुद्धा टेलिकॉमची कमाई एकूण उत्पन्नाच्या दोनेक टक्क्यांच्या आसपास फिरते. त्यातला वाटा, तो पुन्हा सगळ्या राज्यांत वाटला, मग वितरण कंपनीकडून तुमच्यापर्यंत... युनिटमागे पैशाचा कितवा तरी भाग. तरी तो सोडून द्यावा असं मला वाटत नाही, थेंब असला तरी आपलाच आहे.

गेलटेलचं काय झालं ते सांगणार होतात?

हां. ही गोष्ट ऐकल्यावर कळतं की सरकारी कंपन्या या धंद्यात इतक्या जपून का पाय टाकतात.

टेलिकॉमचं लायसन्स घेतलं की सरकारला कमाईचा काही टक्के वाटा द्यायचा असतो, त्या कमाईला एजीआर म्हणतात. भांडण असं होतं की कमाई म्हणजे फक्त टेलिकॉमची की कंपनीची सगळीच. २४ ऑक्टोबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की व्याख्या रुंदच घ्यायची. व्होडाफोन-आयडिया आणि एअरटेल हादरले ते आपण पेपरात वाचलं. पण मग टेलिकॉम खात्याने तोच फॉर्म्युला सरकारी कंपन्यांना लावला. गेलचा मुख्य धंदा गॅस विकायचा, त्या गॅसची सगळी विक्री टेलिकॉमची कमाई म्हणून धरली, व्याज-दंड लावला आणि बिल काढलं १ लाख ८३ हजार कोटींच्या आसपास. कंपनीच्या नेटवर्थच्या कितीतरी पट! टेलिकॉममधून यांनी कमावले होते जेमतेम काही कोटी. पावरग्रिडला वीस हजार कोटींच्या वरचं बिल. सरकारी कंपन्यांचं सगळं मिळून जवळपास ४ लाख कोटी, आणि मागणारं सरकार, देणारंही सरकारच.

जून २०२० मध्ये कोर्टानेच खात्याला विचारलं की आमच्या निकालाचा आधार घेऊन हे कसं काय मागता, आणि आठवड्याभरात खात्याने ९६ टक्के मागणी मागे घेतली. सुटले. पण पावरग्रिडने पुढच्याच वर्षी टेलिकॉमसाठी वेगळी कंपनी काढली, त्यामागे या धसक्याचा वाटा असणारच असं माझं मत. धंदा वेगळ्या घरात असला की एकाचं बिल दुसऱ्याच्या दारात येत नाही.

माझ्या शेतातून लाइन गेलीय. फायबरच्या भाड्यात मला काही मिळेल का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि माझ्या मते सगळ्यांनी विचारायला हवा.

आपल्याकडे टॉवरखालची जमीन कंपनी विकत घेत नाही, मालक तुम्हीच राहता, कंपनीला वापराचा हक्क मिळतो आणि तुम्हाला भरपाई. जून २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के असं आहे (आधी ८५ आणि १५ होतं). पण हे सगळं लाइनसाठी. त्याच तारेतल्या फायबरवर कोणी कमावलं तर शेतकऱ्याला वेगळा हिस्सा, अशी तरतूद त्यात नाही.

अमेरिकेत मात्र शेतकरी कोर्टात गेले. मिसुरी राज्यात शो-मी पॉवर नावाची वीज सहकारी संस्था आहे, तिने लाइनवर फायबर टाकलं आणि बाहेर विकायला लागली. जमीनमालक म्हणाले, आम्ही तुला विजेसाठी वाट दिली होती, इंटरनेट विकायला नाही. २०१५ मध्ये ज्युरीने जवळपास ७.९ कोटी डॉलर द्यायला सांगितले. अपिलात भरपाई मोजायची पद्धत बदलली, पण परवानगीच्या पलीकडे वापर केला हे मात्र कायम राहिलं. आपला कायदा वेगळा आहे त्यामुळे ते जसंच्या तसं इथे लागू होत नाही, पण प्रश्न तोच आहे ना.

विजेच्या तारेतूनच इंटरनेट का देत नाहीत? प्लग लावला की नेट!

प्रयत्न झाला. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मनॅसस गावात २००५ ला गावभर सुरू केलं होतं, २०१० मध्ये बंद. विजेची तार आहे उघडी, तिच्यात हाय फ्रिक्वेन्सी सोडली की ती अँटेनासारखी वागते, त्याने हॅम रेडिओवाल्यांचं (हौस म्हणून रेडिओवर बोलणाऱ्यांचं) डोकं फिरलं. वेग बेताचा, आणि तोवर केबल-फायबर पुढे निघून गेलं. घरातल्या घरात किंवा मीटरपुरतं हे तंत्र चालतं, गावभर ब्रॉडबँड द्यायला नाही.

घरोघर इंटरनेट देऊन यशस्वी झालेली वीज कंपनी आहे का कुठे?

चॅटनूगा. टेनेसीतलं शहर, तिथली शहराच्या मालकीची वीज कंपनी ईपीबी. २०१० मध्ये त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना १ गिगाबिटचं कनेक्शन द्यायची तयारी दाखवली तेव्हा अमेरिकेतल्या भल्याभल्या शहरांत ते मिळत नव्हतं. पण मला त्यातली दुसरी बाजू जास्त आवडते. त्यांनी केंद्र सरकारकडून सुमारे ११ कोटी डॉलरचं अनुदान घेतलं ते स्मार्ट ग्रिडसाठी. लाइनवर हजाराच्या वर ऑटोमॅटिक स्विच बसवले, ते फायबरवरून एकमेकांशी बोलतात, झाड पडून फॉल्ट झाला तर तेवढा तुकडा वेगळा काढून बाकीच्यांची लाइट आपोआप परत आणतात. म्हणजे इंटरनेटचं एकही गिऱ्हाईक नसतं तरी फायबरचा उपयोग होताच. केबल कंपन्या कोर्टात गेल्या होत्या, अडवू शकल्या नाहीत. राज्याच्या कायद्यामुळे ईपीबीला आपल्या वीजक्षेत्राबाहेर नेट विकता येत नाही तेवढं मात्र आजही आहे.

आणि बुडालेले?

इंग्लंडच्या नॅशनल ग्रिडने नव्वदच्या दशकात एनर्जिस काढली होती. टॉवरवरच्या अर्थवायरला फायबर गुंडाळून देशभर नेटवर्क. १९९७ ला शेअर बाजारात आली, डॉटकॉमच्या हवेत भाव आभाळाला भिडला, २००२ मध्ये दिवाळं. नॅशनल ग्रिडने मधल्या काळात टप्प्याटप्प्याने शेअर विकून चांगलं कमावून घेतलं होतं, बुडाले ते नंतर आलेले.

केरळचं के-फोन म्हणजे हेच का?

हो, थोडं वेगळं. केरळचं वीज मंडळ आणि राज्याची आयटी पायाभूत सुविधा कंपनी यांचं मिळून आहे, जून २०२३ ला उद्घाटन झालं. फायबर वीज मंडळाच्या टॉवर-खांबांवरून, सरकारी कार्यालयांना जोडणी, आणि २० लाख गरीब कुटुंबांना फुकट नेट द्यायचा संकल्प, सुरुवात १४,००० कुटुंबांपासून. आंध्रने त्याआधी २०१७ मध्ये खांबांवरून फायबर नेऊन १४९ रुपयांत नेट, टीव्ही, फोन असं आणलं होतं. खांबावरून न्यायचं म्हणजे खणायचा खर्च वाचतो. स्वस्त का पडतं ते त्यातच आलं.

बाहेरच्यांचा डेटा त्याच तारेत, मग हॅकर ग्रिडमध्ये घुसणार नाही का?

तार एक असली तरी धागे वेगळे असतात. ग्रिडचा डेटा स्वतःच्या फायबरवर, स्वतःच्या मशीनवर, भाडेकरूचा त्याच्या. घरमालक आणि भाडेकरू एका इमारतीत राहतात म्हणून एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही, तसंच. कुठे शॉर्टकट मारून दोन्ही एकाच मशीनवर आणले तर धोका आहे, पण तो भाड्यामुळे नाही, आळसामुळे. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली तेव्हा सायबर हल्ल्याची शंका राज्य सरकारने बोलून दाखवली होती, केंद्राने मानवी चूक म्हटलं.

स्मार्ट मीटरमुळे वीज कंपनीला या नेटवर्कमधून अजून कमाई होणार का?

उलटं होतंय. मोठ्या लाइनवर फायबर आहे, पण तुमच्या गल्लीतल्या डीपीपर्यंत आणि मीटरपर्यंत नाही. त्यामुळे आपल्याकडचे बरेचसे स्मार्ट मीटर मोबाइलच्या सिमवरून बोलतात आणि त्याचे पैसे टेलिकॉम कंपन्यांना जातात. वरच्या टोकाला भाडं घ्यायचं, खालच्या टोकाला भाडं द्यायचं, असा आपला कारभार.

लाइट गेली की या फायबरवरचं नेट पण जाणार?

तारेत वीज आहे की नाही याच्याशी फायबरचा संबंध नाही. मशीन सबस्टेशनमध्ये बॅटरीवर चालतात. तुमच्या घरचा राउटर बंद पडेल ती गोष्ट वेगळी.

आमच्या घरासमोरच्या खांबावर काळ्या केबलींचं जाळं लटकतंय, तेही वीज कंपनीचंच का?

बहुतेक वेळा नाही, ते केबलवाले आणि नेटवाले. काही परवानगी घेऊन, बरेच न घेता. २०२२ च्या नियमांत अशा खांबावरून केबल न्यायला वर्षाला १०० रुपये, आणि छोटा मोबाइल सेल (छोटा अँटेना) लावायचा तर शहरात ३००, गावात १५० असे दर ठरवले होते, म्हणजे परवडत नाही म्हणून चोरून टाकली असं म्हणायला जागा नाही. त्रास होतो तो लाइनमनला, पावसात खांबावर चढताना पायात अडकतं आणि कुठली केबल कुठून आली कळत नाही. लोंबकळत खाली आली असेल तर हाताने वर फेकू नका, वर कुठे कुठल्या तारेला टेकलीय ते खालून दिसत नाही, आधी महावितरणच्या ऑफिसला फोन करा आणि मग केबलवाल्याला.